हातात जीव आहे, जोर नाही : मणक्याच्या दुखापतीनंतर मेंदूला बाहेरून चेतना देणारे उपचार



आजचा पाठ पुस्तकातला नाही. पण यातले बरेचसे धागे तुम्ही नववी-दहावीच्या विज्ञानात शिकलेले आहात. चेतापेशी, मेरुरज्जू, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, सगळं आठवतंय ना? आज हे सगळं एका माणसाच्या हाताशी जोडून पाहूया.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, शिंदखेडा तालुक्यातला. शेळ्यांसाठी निंबाचा पाला काढायला झाडावर चढला, फांदी मोडली आणि मानेवर पडला. जीव वाचला, पण हातपाय गेले. काही महिन्यांनी पाय तसेच राहिले, हात मात्र थोडे हलायला लागले. मी भेटायला गेलो तेव्हा तो आपल्या अहिराणीत म्हणाला, "हातमा जीव शे सर, पन जोर नही."

गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांचा फोन आला. कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला होता. डोक्याला मशीन लावलं आणि माणसाचा हात चालायला लागला, असा तो व्हिडिओ. एका शहरातल्या माणसाने "तीस बैठका घ्या, हात पक्का चालेल" असंही सांगितलं होतं. वडिलांनी मला एकच विचारलं, "सर, दीड एकर विकू का?"

मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. फोनवर हो-नाही सांगणं बरोबर नव्हतं. म्हणून मी वाचलं, जाणकारांना विचारलं आणि मग त्यांच्या ओट्यावर बसून समजावून सांगितलं. तेच आज तुमच्यासाठी लिहितो आहे. आपल्या खान्देशात झाडावरून पडणं, विहिरीत पडणं, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्गांवरचे अपघात हे काही नवीन नाही. हा प्रश्न उद्या कुठल्याही घरात येऊ शकतो.

मेंदूपासून बोटापर्यंतचा रस्ता

डोक्यावर हेअरबँड घातला तर तो एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जसा बसतो, साधारण त्याच रेषेत आत प्रमस्तिष्कावर एक पट्टा आहे. शरीराची हालचाल घडवणारा हा पट्टा. कॅनडातल्या माँट्रिअल इथले शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या वेगवेगळ्या जागी हलकी वीज देऊन पाहिली आणि कुठल्या जागेवरून कुठला अवयव हलतो याचा नकाशा १९३७ मध्ये मांडला.

आपल्या पांझरेच्या काठी फड पद्धत आहे ना? गावाचं बागायत फडांत वाटलेलं असतं. मेंदूतला हा पट्टाही असाच फडांत वाटलेला आहे. पायाचा फड वेगळा, खांद्याचा वेगळा, बोटांचा वेगळा. गंमत अशी, की पाठ एवढी मोठी असूनही तिचा फड लहान आणि बोटांचा मात्र खूप मोठा. कारण सुईत दोरा ओवायचा, पेन धरायचा, कापूस वेचायचा तर बोटांना बारीक हुकूम लागतात.

या पट्ट्यातून लांबच लांब तंतू निघतात आणि खाली येतात. मस्तिष्कपुच्छात आल्यावर त्यातले बहुतेक तंतू बाजू बदलतात. म्हणून मेंदूचा डावा भाग उजवा हात हलवतो. पुढे हे तंतू मेरुरज्जूतून उतरतात. मोठ्या माणसाचा मेरुरज्जू करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटीमीटर लांब असतो. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात, त्यांपैकी ८ जोड्या मानेत.

मेंदूचा तंतू थेट बोटापर्यंत जात नाही. मानेत आल्यावर तो निरोप दुसऱ्या चेतापेशीकडे सोपवतो, आणि ती पेशी तो स्नायूपर्यंत पोहोचवते. मेंदूपासून हाताच्या स्नायूपर्यंतचा हा प्रवास साधारण २० मिलिसेकंदांत होतो. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो!

मानेत मार बसला की काय होतं?

आपण बोलताना "मणका गेला" म्हणतो. पण मणका म्हणजे हाड. त्याच्या आतून जाणारा मऊ दोर म्हणजे मेरुरज्जू. हाड जुळतं. मेरुरज्जूचे तुटलेले तंतू मात्र आपोआप पुन्हा जोडले जात नाहीत. म्हणून "ऑपरेशन चांगलं झालं, प्लेट बसवली, तरी हात का चालत नाही?" या प्रश्नाचं उत्तर हाडात सापडत नाही.

मार कितव्या पातळीवर बसला त्यावर हाताचं काय होणार हे ठरतं. डॉक्टर ही पातळी अशी तपासतात :

- सी-५ : कोपर वाकवणे
- सी-६ : मनगट वर उचलणे
- सी-७ : कोपर सरळ करणे
- सी-८ : बोटं मिटणे
- टी-१ : करंगळी बाजूला नेणे

ही यादी नीट पाहा. एका पातळीचा फरक किती मोठा आहे! ज्याचं कोपर सरळ होतं, तो हातावर जोर देऊन स्वतः खाटेवरून चाकाच्या खुर्चीत सरकू शकतो. ज्याचं होत नाही, त्याला बहुतेक वेळा दुसऱ्याची मदत लागते. २००४ साली किम अँडरसन या संशोधक बाईंनी अशी दुखापत झालेल्या ६८१ जणांना विचारलं, की काय परत आलं तर तुमचं आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल? (त्या स्वतः याच दुखापतीसह जगणाऱ्या.) चारही हातपाय गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी उत्तर दिलं : हात. चालणं त्यांनी पहिलं मागितलं नाही. आपल्या हाताने घास घ्यावा, तोंड पुसावं, फोन उचलावा, एवढंच.

दुसरी गोष्ट म्हणजे दुखापत पूर्ण की अपूर्ण. गुदद्वाराजवळची संवेदना आणि तिथल्या स्नायूची हालचाल तपासून डॉक्टर हे ठरवतात, कारण तो मेरुरज्जूचा सगळ्यात खालचा भाग. तिथपर्यंत थोडा जरी निरोप पोहोचत असेल तर दुखापत अपूर्ण. म्हणजे काही तंतू शाबूत आहेत. आजच्या आपल्या विषयात हा फरक फार महत्त्वाचा आहे.

कमी व्होल्टेजची मोटर

शेतातल्या मोटरचा अनुभव तुम्हाला आहेच. रात्री लाइट येते, बटण दाबावं, व्होल्टेज कमी असतं. मोटर नुसती हुंकारते, पाणी उचलत नाही. वायर तुटलेली नसते, मोटर जळालेली नसते. आवश्यक तेवढा जोर मिळत नाही, इतकंच.

चेतापेशीचं असंच असतं. तिच्याकडे अनेक तंतूंकडून निरोप येतात, ती त्यांची बेरीज करते. बेरीज एका ठरावीक उंबरठ्याच्या वर गेली तरच ती पुढे आवेग पाठवते. खाली राहिली तर गप्प. समजा पूर्वी शंभर तंतू एका पेशीशी बोलत होते आणि आता दहाच उरले. ते दहा ओरडतात, पण बेरीज उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही. माणूस मनापासून बोट हलवायला जातो आणि बोट हलत नाही, किंवा थोडंसं थरथरतं. "जीव शे, पन जोर नही" याचा शास्त्रीय अर्थ हा असा आहे.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला : तुटलेले तंतू जोडता येत नाहीत, पण उरलेल्या दहांचा आवाज वाढवता आला तर? कवटी न उघडता, सुई न टोचता, बाहेरून मेंदूच्या त्या फडाला जागं केलं तर?

पहिली रीत : चुंबक

१८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी दाखवलं, की बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात विद्युतधारा निर्माण करतं. दहावीत तुम्ही हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकता. गॅल्व्हानोमीटरची सुई हलवून दाखवतो तो प्रयोग आठवा.

आता कल्पना करा, तारेच्या कुंडलाऐवजी समोर मेंदू आहे. मेंदूही वीज वाहून नेतो. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचं कुंडल धरलं, त्यातून क्षणभर जोरदार विद्युतधारा सोडली आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला. त्याआधी १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीवरून थेट वीज देऊन हे साधलं होतं, पण त्यात फार दुखायचं. चुंबकीय क्षेत्र कातडीतून आणि हाडातून सहज आत जातं, म्हणून तेवढं दुखत नाही.

आज वापरतात ते कुंडल बहुधा इंग्रजी आठच्या आकड्यासारखं असतं, म्हणजे परिणाम एका छोट्या जागी एकवटतो. चुंबकीय क्षेत्र साधारण दीड ते दोन टेस्ला, एमआरआय यंत्राच्या तोडीचं, पण एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळ. कवटीखाली दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच त्याचा जोर पोहोचतो. हाताचा फड वरच्या थरातच असल्याने तेवढं पुरतं. प्रत्येक ठोक्याला "टक्" असा मोठा आवाज होतो, म्हणून कानात बोळे घालतात.

असे ठोके पुन्हा पुन्हा दिले तर त्या फडाची चेतनक्षमता काही काळ बदलते. ढोबळमानाने सांगायचं तर सेकंदाला पाच किंवा जास्त ठोके दिले की ती वाढते, सेकंदाला एक किंवा कमी दिले की घटते. सगळ्यांच्या बाबतीत हे सारखंच घडतं असं मात्र नाही.

दुसरी रीत : मंद विद्युतधारा

दुसऱ्या रीतीत मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजचे दोन तुकडे डोक्याला लावतात आणि त्यांतून एक ते दोन मिलिअँपिअर एवढी मंद विद्युतधारा साधारण २० मिनिटं सोडतात. आपल्या छोट्या एलईडी दिव्यालाही साधारण २० मिलिअँपिअर लागतात, यावरून ती किती कमी आहे ते कळेल. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखवलं, की एवढ्या मंद विजेनेही मेंदूच्या हालचालीच्या पट्ट्याची चेतनक्षमता कमी-जास्त होते, आणि यंत्र बंद केल्यावरही हा परिणाम काही मिनिटं टिकतो.

दोन्ही रीतींतला फरक लक्षात ठेवा. चुंबकाचा ठोका पेशीला थेट उडवतो. मंद विद्युतधारा तिला उडवत नाही, फक्त उंबरठ्याच्या थोडी जवळ नेऊन ठेवते. दार ढकलायचं काम माणसालाच करायचं असतं.

एकट्या यंत्राने हात का चालत नाही?

इथे खरी गोम आहे. व्हिडिओत हेच दाखवत नाहीत.

१९४९ मध्ये कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी एक विचार मांडला : एक पेशी दुसरीला पुन्हा पुन्हा उद्दीपित करत राहिली, तर त्या दोघींमधला जोड बळकट होतो. शेतातली पायवाट अशीच तयार होते. माणसं चालत राहिली तर वाट पडते, चालणं थांबलं तर गवत उगवतं. बोटं हलवायचा प्रयत्नच सोडून दिला तर मेंदूतला बोटांचा फडही पडीक राहतो आणि शेजारचे खांद्या-कोपराचे फड त्यात सरकू लागतात.

यंत्र काय करतं? काही मिनिटं जमीन ओली करून ठेवतं. त्या वेळात पेरणी करायची असते, म्हणजे हाताचा सराव. पेला धरणं, सोडणं, डबीचं झाकण काढणं, दाणे उचलणं, शंभर वेळा, दोनशे वेळा. पेरणी न करता नुसतं पाणी सोडत राहिलो तर पीक कुठून येणार?

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या बंडे आणि पेरेझ यांनी याच तत्त्वाचा फार सुंदर उपयोग केला. त्यांनी मेंदूवर चुंबकाचा ठोका दिला आणि मनगटाच्या चेतेवर विजेचा. दोन्हींची वेळ अशी साधली, की दोन्हीकडचे आवेग मेरुरज्जूतल्या एकाच जोडावर एक-दोन मिलिसेकंदांच्या अंतराने पोहोचावेत. साक्रीची आणि शिरपूरची एसटी धुळे स्टँडवर एकाच वेळी लागली तर गाडी बदलता येते, पंधरा मिनिटांचा फरक पडला तर गाडी चुकते, तसंच. वेळ साधली तेव्हा हाताच्या स्नायूची ताकद वाढलेली दिसली. ती काही काळच टिकली. पण मेरुरज्जूतला उरलेला जोड बळकट करता येतो, हे त्यातून दिसलं.

पुरावे किती भक्कम आहेत?

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये बेल्ची आणि सहकाऱ्यांनी अपूर्ण दुखापतीच्या जुन्या रुग्णांना असा चुंबकीय उपचार देऊन हातात सुधारणा झाल्याचं नोंदवलं. रुग्ण किती होते? चार. त्यानंतर बरेच अभ्यास झाले, काहींमध्ये मंद विद्युतधारेला यांत्रिक हाताच्या सरावाची जोड दिली गेली. पण हे अभ्यास बहुतेक लहान आहेत. कुठे थोडी सुधारणा दिसली, कुठे दिसली नाही. जिथे दिसली तिथे ती बहुधा अपूर्ण दुखापतीच्या रुग्णांत होती आणि सरावाची जोड होती.

म्हणून आज प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं : कल्पना शास्त्रशुद्ध आहे, आशा आहे, संशोधन चालू आहे. पण मानेच्या दुखापतीनंतर हातासाठी हा अजून नेहमीचा, पक्का उपचार ठरलेला नाही. "गॅरंटी" देणारा माणूस शास्त्र सांगत नाहीये.

मग मोठ्या शहरांत ही यंत्रं दवाखान्यांत असतात ती कशासाठी? मुख्यतः नैराश्यासाठी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये चुंबकीय उपचाराला नैराश्यासाठी मान्यता दिली. यंत्र खरं असतं, मान्यताही खरी असते. पण ती कुठल्या आजारासाठी, हे विचारायला आपण विसरतो.

आणखी एक घोटाळा टाळा. २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एका अभ्यासाची बातमी गाजली. त्यात ६० जण होते, दुखापतीला वर्ष उलटून गेलेले. आधी दोन महिने नुसता सराव, मग दोन महिने सराव आणि विजेची चेतना. ७२ टक्के लोकांच्या हाताची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्या यंत्राला परवानगीही मिळाली. पण ती चेतना मेंदूला नव्हती, मानेच्या कातडीवरून मेरुरज्जूला होती. भावंडं आहेत, पण उपचार वेगळे. आणि दोन्हींत सराव आहेच.

कोणी लांब राहायचं?

फिट येण्याचा इतिहास, डोक्यात धातूची क्लिप किंवा तुकडा, कानात बसवलेलं श्रवणयंत्राचं रोपण, हृदयाचा पेसमेकर, यांपैकी काही असेल तर चुंबकीय उपचाराआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. डोकं दुखणं, टाळूला त्रास होणं हे नेहमीचे दुष्परिणाम. क्वचित फिट येऊ शकते. मंद विद्युतधारेत खाज सुटते, कातडी लाल होते. स्पंज सुकला तर भाजतं.

आणि विद्यार्थ्यांनो, नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी डोक्याला लावायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तो प्रयोग स्वतःवर किंवा मित्रावर अजिबात करू नका. दवाखान्यातलं यंत्र विद्युतधारा मोजून, सांभाळून देतं. उघडी बॅटरी तसं करत नाही.

पैसे देण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. माझ्या मुलाची दुखापत पूर्ण आहे की अपूर्ण? कितव्या पातळीची? हे तपासून लिहून द्याल का?
२. हा उपचार हातासाठी मान्य झालेला आहे, की संशोधन म्हणून देत आहात?
३. संशोधन असेल तर 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सरकारी नोंदवहीत त्याची नोंद आहे का? नीतिसमितीची परवानगी आहे का? (संशोधनासाठीच्या उपचाराचा आणि तपासण्यांचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो.)
४. यंत्रासोबत हाताचा सराव कोण करून घेणार, रोज किती वेळ?
५. आधी आणि नंतर हाताची ताकद कशी मोजणार? फरक पडला नाही तर कधी थांबणार?

उत्तरं सरळ मिळाली नाहीत तर शेत विकायची गरज नाही.

मग करायचं काय?

आधी जवळ जे आहे त्याचा पूर्ण उपयोग करायचा. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत हाजी अली इथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे. तिथे जाऊन एकदा नीट तपासणी करून सराव शिकून यायचा आणि घरी रोज करायचा.

घरच्यांनी काही गोष्टी शिकून घ्यायच्या. खाटेवर असताना दर दोन तासांनी कूस बदलणं, नाहीतर जखमा होतात आणि सगळा सराव बंद पडतो. सांधे आखडू न देणं. ज्याचं मनगट वर उठतं पण बोटं मिटत नाहीत, त्याच्यासाठी निसर्गाने एक युक्ती ठेवली आहे : मनगट वर उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात. तुम्ही स्वतः हात सैल सोडून करून पाहा. या पकडीत पेला, चमचा धरता येतो. म्हणून मालिश करताना अशा हाताचं मनगट आणि बोटं एकाच वेळी पूर्ण मागे ताणायची नाहीत, नाहीतर ही पकड सैल होते. आपल्याकडे मायेपोटी नेमकं तेच केलं जातं. हे व्यायाम शिकवणाऱ्याकडून समजून घ्या.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकले. त्यांचे हात शाबूत होते, माझ्या विद्यार्थ्याचे नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी हे सांगतो, कारण जे उरलं आहे त्याचा सराव किती पुढे नेऊ शकतो हे त्यात दिसतं.

सर्वांत स्वस्त उपचार : पहिला अर्धा तास

एक गोष्ट प्रत्येकाने घरी सांगा. झाडावरून, गच्चीवरून, गाडीवरून कुणी पडलं आणि मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, किंवा शुद्धीवर नसेल, तर त्याला उठवून बसवू नका. हातपाय धरून झोळीसारखं उचलू नका. पाणी पाजू नका. डोकं आणि मान आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरा, श्वास चालू आहे का पाहा आणि १०८ ला फोन करा. हलवणं भागच पडलं तर चार-पाच जणांनी मिळून, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून, फळीवर घ्या. शाबूत राहिलेले तंतू उचलताना तुटू शकतात, आणि तुटलेला तंतू कुठलंच यंत्र जोडत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला चौघांनी हातपाय धरूनच उचललं होतं. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मीसुद्धा वर्गात मेरुरज्जूची आकृती काढून घेतली, नावं पाठ करून घेतली, पण हे सांगितलं नाही.

दीड एकर अजून त्यांच्याकडेच आहे. मुलगा रोज दोन वेळा ओट्यावर बसून सराव करतो. स्टीलचा पेला मनगटाच्या पकडीत धरून अर्धा चहा स्वतः पितो, अर्धा अंगावर सांडतो. उद्या हातासाठीचा उपचार खरोखर सिद्ध होऊन धुळ्यापर्यंत आला तर त्याचा हात तयार असेल.

स्वाध्याय

१. कमी व्होल्टेजची मोटर आणि अपूर्ण दुखापत यांतलं साम्य तुमच्या शब्दांत लिहा.
२. चुंबकीय चेतना आणि मंद विद्युतधारा यांत दोन फरक सांगा.
३. 'सरावाशिवाय यंत्राचा उपयोग नाही' हे हेब यांच्या विचाराच्या आधारे स्पष्ट करा.
४. उपक्रम : पडलेल्या माणसाची मान स्थिर कशी धरायची हे आरोग्य केंद्रातल्या ताईंकडून किंवा डॉक्टरांकडून शिकून घ्या आणि घरातल्या तीन जणांना शिकवा. हा उपक्रम वहीत लिहिला नाही तरी चालेल, शिकवा मात्र नक्की.